काचेतला ठिपका

आमच्या घरात ओजस दिवसभर येत-जात असतो. सकाळी पूजा आटपली की आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पडद्यासमोर पाट घेऊन बसतात आणि विचारतात, "झोप लागली का रे?" ठिपका उमटला की मला सांगतात, "लागली म्हणतोय." नाही उमटला, तर म्हणतात, "उठला नाही वाटतं अजून." मग मी दोघींचा चहा आणते, त्या बशीत ओतून पितात, आणि मी घड्याळाकडे बघत कामावर पळते.

ओजस म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा आणि माझा नवरा. आमच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत महामार्गावर, दिवसाढवळ्या, एका ट्रकनं त्याला नेलं. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. म्हणजे मी विधवा. पण हा शब्द आमच्याकडे चालत नाही. एकदा शेजारच्या काकू बोलून गेल्या, तर आई ताडकन म्हणाल्या, "विधवा कशानं? तो काय, समोर लुकलुकतोय!" काकू बिचाऱ्या पडद्याला नमस्कार करून गेल्या. मला हसू आलं, आणि मग त्या हसण्याचीच भीती वाटली. कारण त्याच वेळी मी, माझ्याही नकळत, पडद्याकडे पाठ करून उभी होते. ओजसनं ऐकू नये म्हणून!

त्या यंत्राचं नाव अणुदीप. नारळाएवढा काचेचा गोल, त्याच्या तळाशी एक छोटी धातूची वाटी, चहूबाजूंनी लेसर आणि पुढे पडदा. वाटीत राख. बैठकीच्या खोलीत, पूर्वी जिथे टीव्ही होता तिथे आता हे आहे. 'चिरस्मृती' नावाची परदेशी कंपनी ते विकते, आणि गेल्या काही वर्षांत त्याचं इतकं पेव फुटलंय, की आमच्या कराडात कृष्णा-कोयनेच्या संगमावर अस्थी सोडायला येणारी माणसं कमी झाली म्हणे. कोण सोडील? आपलं माणूस घरात लुकलुकत असताना त्याला पाण्यात टाकायचं धाडस कुणाला होईल?

हे काय प्रकरण आहे ते मीच सांगते. आईंना सांगायला बसवलं तर तुम्हीही हात जोडाल.

आपल्या प्रत्येकाच्या अंगात पोटॅशियम असतं. त्यातला अगदी किंचित भाग किरणोत्सारी असतो, आणि जन्मापासून तो आपल्या आत फुटत राहतो. फुटणाऱ्या दर दहा अणूंमागे साधारण एकाचा आर्गन वायू होतो. म्हणजे तुम्ही हे वाचताय तेव्हासुद्धा दर सेकंदाला तुमच्या अंगात आर्गनचे शेकडो अणू जन्माला येतायत. माणूस मेला तरी हे थांबत नाही. जाळला तरी थांबत नाही, कारण आग अणूच्या गाभ्यापर्यंत पोचतच नाही. राखेत जेवढं पोटॅशियम उरलं तेवढं फुटत राहतं, आणि पृथ्वी आहे तोवर फुटत राहील.

आता आर्गन. शाळेत आम्ही ह्याला राजवायू म्हणायचो. बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन, घर भरलेलं. कुणाकडून घेणं नाही, कुणाला देणं नाही, कुणाशी संयुग नाही. असा अणू दिसणार कसा? तर त्याला विजेचा दणका द्यायचा. इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जेच्या पातळ्या ठरलेल्या असतात, त्यांच्या मधे कुठे लोंबकळता येत नाही. दणक्यानं एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जाऊन बसतो. आर्गनच्या या वरच्या पातळ्यांत एक अशी आहे, की तिथून सरळ खाली यायची वाट जवळजवळ बंदच आहे. पोरगं माळ्यावर चढलं आणि कुणी खालची शिडी काढून नेली, तसं. इलेक्ट्रॉन तिथे अडकून पडतो, निदान अर्धं मिनिट तरी. तेवढ्यात त्याच्यावर नेमक्या रंगाचा लेसर सोडतात. मग तो त्या पातळीवरून आणखी वरच्या पातळीवर जातो आणि परत येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. दर वेळी परतताना प्रकाशाचा एक कण टाकतो. सेकंदाला कोट्यवधी वेळा हा खेळ चालतो, लेसरच अणूला जागेवर धरून ठेवतात, आणि म्हणून एकटा एक अणू कॅमेऱ्याला ठिपक्यासारखा दिसतो. काचेत हवा अजिबात नसते, सगळी पंपानं ओढून घेतलेली. तेव्हा जो ठिपका दिसेल तो वाटीतल्या राखेतूनच आलेला.

खरं तर तो उजेड आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, तांबड्याच्याही पलीकडचा आहे. पडद्यावर कंपनीनं त्याला निरांजनाच्या ज्योतीचा रंग दिलाय. धंदा बरोबर कळतो लेकाच्यांना.

आमचा ठिपका जोरात होता. एक गेला की थोड्या वेळात दुसरा, कधी दोन-दोन, तीन-तीन एकदम. कंपनीचा माणूस यंत्र बसवायला आला तेव्हा तोही चकित झाला. म्हणाला, "ताई, पुण्या-मुंबईकडे इतका नाही दिसत हो." आईंची मान अशी ताठ झाली! "पैलवान घराण्यातला आहे तो," त्या म्हणाल्या. सावडायच्या दिवशी त्यांनीच त्यांच्या भावाला, विलासमामांना, बजावलं होतं की राख भरपूर आणा, हात आखडू नका. त्यामुळे यंत्रातली वाटी भरून आणि वर कोनाड्यातला तांब्याचा कलश भरून ओजस घरात होता.

अणू कधी फुटेल याला नियम नाही. पत्र्यावर पावसाचे थेंब पडतात तसंच हे: कधी लागोपाठ, कधी मधे शांत. हे मला कळतं, मी रसायनशास्त्र शिकलेय. पण घरात कुणी दिवसभर त्या थेंबांना प्रश्न विचारत बसलं ना, की थेंब उत्तरं द्यायला लागतात. मामांच्या मुलीला स्थळ आलं, पडद्यावर तीन ठिपके एकदम आले, लग्न ठरलं. आईंची गुडघ्याची शस्त्रक्रिया पडदा शांत राहिला म्हणून पुढे ढकलली. पुढे ढकलली ती ढकललीच, अजून जिना चढताना कण्हतात.

आणि मी? मी काय वेगळी? पहिल्या वर्षी आई देवळात गेल्या की मी त्या पाटावर बसायची. सगळं सांगायची त्याला. रागावायचीसुद्धा. "हेल्मेट घातलं असतंस तर काय झिजला असतास?" आणि ठिपका उमटायचा. मी रडायची, आणि तो उमटायचा. दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर मी इतकी रडले नाही.

मग सलील आला. मी कराडच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते, तो दापोलीहून आमच्याकडे प्रशिक्षणाला आला होता. कोकणातला, हळू बोलणारा, कुणी थट्टा केली तर पाच मिनिटांनी हसणारा. कधी आवडायला लागला ते कळलं नाही. त्यानं सरळ विचारलं, "माझ्याबरोबर दापोलीला येशील का?" मी घरी येऊन आईंना सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही.

आई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला काय विचारतेस? त्याला विचार. नवरा तुझा आहे."

"आई, अहो..."

"विचार. मी नाही मधे बोलणार."

मी पडद्याकडे बघितलं. मनात म्हटलं, केतकी, तू शिकलेली बाई आहेस. आणि तरी तोंडानं विचारलंच, "ओजस, जाऊ का?"

लागोपाठ ठिपके आले. एक विझायच्या आत दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. असे कधी आले नव्हते.

"बघ," आई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "कसा तडफडतोय माझा लेक. आणि तू त्याला टाकून जाणार."

मी सलीलला नाही म्हणून सांगितलं. कारणही सांगितलं. तो म्हणाला, "माणूस असता तर मी भांडलो असतो, केतकी. ठिपक्याशी कसा भांडू?" तो दापोलीला परत गेला. मी घरी आले, कपडे बदलायला आतल्या खोलीत गेले आणि दार लावून कडी घातली. भिंतीपलीकडे तो यंत्राचा पंप घुर्र-घुर्र करत होता, कुणी झोपेत श्वास घेतल्यासारखा. मला त्या घरात मोकळं असं कधी वाटलंच नाही त्यानंतर. जेवताना वाटायचं बघतोय. केस विंचरताना वाटायचं बघतोय. मी ओजसवर प्रेम केलं होतं हो, आणि आता मी त्याला घाबरायला लागले होते. ह्याचं मला जास्त वाईट वाटायचं.

पाडव्यानंतरची गोष्ट. प्रयोगशाळेत एक गुऱ्हाळवाले आले. गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख पोत्यात भरून आणली होती. "बाई, ही शेतात टाकली तर चालंल का? फुकट हाय म्हणून इचारतो." मी म्हटलं, "तपासते की."

पोटॅशियमला आमच्या धंद्यात पालाश म्हणतात. पालाश तपासायचं साधं यंत्र असतं: नमुन्याचं पाणी ज्योतीत फवारायचं. ज्योतीच्या उष्णतेनं पोटॅशियमचा इलेक्ट्रॉन वर चढतो, उतरताना जांभळट उजेड टाकतो. उजेड जितका जास्त तितका पालाश जास्त. त्या राखेनं आमचा काटा पार टोकाला नेला. "दादा, हे तर खतच आहे," मी म्हटलं. "झाडाच्या राखेत पालाश असतोच. चुलीतली राख झाडांना घालतात ती उगाच नाही."

बोलता बोलता माझंच बोलणं माझ्या कानांवर पडलं.

झाडाची राख. ओजसला जाळायचं तेव्हा कराडात गॅसची दाहिनी होती, विजेची होती. पण आई म्हणाल्या होत्या, "माझं लेकरू भट्टीत घालायचं नाही." मग मामांनी मळ्यातली बाभळीची लाकडं ट्रॅक्टर भरून आणली होती. वर शेण्या रचल्या होत्या. इतकं लाकूड, इतक्या शेण्या, आणि त्यात एक माणूस. ज्या देशात हे यंत्र बनलं तिथे प्रेतं गॅसच्या भट्टीत जळतात, राखेत फक्त हाडं उरतात. त्यांच्या हे डोक्यातच आलं नसणार. आणि आमच्या डोक्यात यायला हवं होतं, तर आम्ही बायका! आमच्याकडे सावडायला बायका जात नाहीत. मामा सांगतील तो ओजस, ते आणतील ती राख.

पुण्या-मुंबईकडे इतका दिसत नाही म्हणे. दिसेल कसा? तिकडे विजेवर जाळतात.

मला राग आला. असा राग की गुऱ्हाळवाले दादा दोन पावलं मागे सरकले. ज्याच्यापायी मी कडी लावून कपडे बदलत होते, ज्याच्या तडफडीपायी सलीलला परत पाठवलं, ती बाभळ होती?

पण पुराव्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवलं. शुक्रवारी आई देवीला गेल्या. आमच्या मागच्या पडवीत अजून पाण्याचा बंब आहे. सोलरचं पाणी आईंना कोमट लागतं. बंबातली चमचाभर राख घेतली, यंत्राची वाटी बदलली, झाकण घट्ट केलं. वाटी बदलायची सोय असते, यंत्र वाटी तापवून अडकलेली हवा काढतं आणि पंप पुन्हा सगळं निर्वात करतो. मी पाटावर बसून राहिले. देवा, मला काय हवं होतं तेही कळेना. ठिपका यावा की येऊ नये?

आला. मग दुसरा. मग दोन एकदम. नेहमीसारखेच, नेहमीच्याच थाटात, आमच्या आंघोळीच्या पाण्याची राख लुकलुकत होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. आई लवकर परतल्या होत्या. हातातला प्रसाद त्यांनी आधी पडद्यापुढे धरला, मग बोटानं पडद्याला थोडं कुंकू लावलं. "आज खुशीत आहे गं," त्या म्हणाल्या. "बघ कसा नाचतोय. लहानपणी खोबऱ्याची वडी बघितली की असाच करायचा." आणि त्या हसल्या. दिवसभरातलं त्यांचं तेवढंच हसू.

तोंडात आलेलं सगळं मी गिळलं. काय सांगू? आई, तो बंब आहे?

दोन-तीन दिवस मी नुसती जळत राहिले. शेवटी एक पळपुटा विचार सुचला. लाकडाच्या राखेतला पालाश पाण्यात विरघळतो. धुवून टाकला की उरतील फक्त हाडं, आणि जळून गेलेल्या हाडांत पालाश नावालाच असतो. ठिपके थांबतील. यंत्र बिघडलं म्हणून सांगता येईल, कंपनी उचलून नेईल, कुणाचं मन मोडायला नको.

आई मामांकडे गेल्या त्या दिवशी कोनाड्यातला कलश काढला. परातीत ओतला, यंत्राच्या मूळ वाटीतली राखही त्यात घातली, आणि राखेतून बोटांनी पांढरे तुकडे वेचायला लागले. ते हलके असतात, बत्ताशासारखे. मी पाणी ओतत होते, राखाडी पाणी मोरीत जात होतं, पुन्हा ओतत होते. आणि अचानक माझ्या लक्षात आलं की मी ओजसला हात लावतेय. दोन वर्षांनी. त्या दिवशी मला कुणी जवळ जाऊ दिलं नव्हतं, चेहरा झाकलेला होता. आता त्याचा एक तुकडा माझ्या तळव्यावर होता, ओला, स्वच्छ. खांद्याचा की मनगटाचा, काय माहीत. मी मोरीत बसून ढसाढसा रडले. मग तुकडे उन्हात वाळवले, वाटीतली बंबाची राख टाकून ती स्वच्छ धुतली आणि तिच्यात ठेवले.

पडदा काळा झाला.

पहिला दिवस आई म्हणाल्या, "झोपलाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा बाजूला सारला. तिसऱ्या दिवशी जेवल्या नाहीत. पाटावरून उठेनात. मी म्हटलं, "आई, यंत्र बिघडलं असेल, बोलावते माणसाला." त्यांनी मान वळवली. त्यांचा चेहरा मला ओळखू येईना.

"यंत्र नाही बिघडलं," त्या म्हणाल्या. "तू तुझ्या मनानं गेलीस. त्याला कळलं. तू मनानं दापोलीला गेलीस म्हणून गेला तो. दुसऱ्यांदा मारलंस तू माझ्या पोराला."

झालं. माझा बांध फुटला. "मी नाही मारलं! अहो, तो तिथे नव्हताच, आई! ती बाभळ होती! मामांच्या मळ्यातली बाभळ आणि शेण्या! दोन वर्षं आपण दोघी सरपणाशी बोलतोय! शुक्रवारी तुम्ही प्रसाद दाखवलात ना, कुंकू लावलंत ना, ती बंबातली राख होती, मी घातली होती!"

खोलीत फक्त पंपाची घुरघुर उरली. मला वाटलं त्या मला मारतील. मारावं असंही वाटलं. मी त्यांच्यापुढे खाली बसले आणि सगळं सांगितलं, हळूहळू, नीट. पालाश काय, लाकडात किती, हाडांत किती, मी काय धुतलं आणि कसं धुतलं.

त्या ऐकत राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. शेवटी म्हणाल्या, "सरपण."

"हो."

"गुडघ्याचं मी सरपणाला विचारलं?"

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आणि तुझ्या लग्नाचंही." मग त्यांनी वाटीकडे बोट केलं. "आता आत कोण आहे?"

"आता फक्त तो आहे, आई."

"मग दिसत का नाही?"

"आहेच थोडा. पाण्यानं सगळा जात नाही, हाडात रुतलेला कुठेतरी कण असतो. येईल. पण कधी ते सांगता येत नाही."

आईंनी पाट थोडा बाजूला सरकवला आणि शेजारची जागा हातानं दाखवली. मी बसले. दोघींनी वाट बघितली. मी कामावर रजा टाकली. दोघीजणी आळीपाळीनं आंघोळीला जात होतो, भात तिथेच बसून खात होतो. मला माझंच नवल वाटत होतं. हे सगळं केलं होतं ते इथून सुटायला. आणि आता तो खरंच आत आहे म्हटल्यावर माझी नजर हलत नव्हती. पापणी मिटायला जीव होत नव्हता. नेमका तेव्हाच येऊन गेला तर?

आला. भर दुपारी, बाहेर भाजीवाला ओरडत होता तेव्हा. काळ्या पडद्याच्या मधोमध एक ठिपका उगवला आणि थांबला.

आईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "आला," त्या म्हणाल्या. मी "ओजस" म्हटलं की नाही मला आठवत नाही. तो तिथे होता. एक अणू. त्याच्या हाडात जन्मलेला, आत्ता, या क्षणी जन्मलेला. माझ्या आयुष्यात मी इतकं एकटक कशाकडे बघितलं नाही. मग तो थोडा थरथरला आणि गेला.

मला तो परत हवा होता. आत्ताच्या आत्ता. मी तिथेच जन्म काढला असता, खरं सांगते. दापोली नाही, सलील नाही, कामधाम काही नाही.

आई मात्र पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या बघत होत्या काचेच्या गोलाकडे.

"एकटाच होता गं," त्या म्हणाल्या.

"हो, आई. एकच असणार."

"आधी इतके असायचे. मला वाटायचं, मजेत आहे, गर्दीत आहे." त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "हा एवढ्या मोठ्या काचेत एकटा. आगा नाही, पिछा नाही. घरात एकटा राहायचा नाही तो, केतकी. मी पिठाच्या गिरणीत गेले तरी अनवाणी मागे यायचा. आणि मी त्याला कोंडून घातलं? येतो बिचारा कसाबसा, कुणी नाही बघून जातो." त्यांनी डोळे पुसले. "उघड ते. माझ्यानं नाही बघवत. उघड."

"उघडलं की संपलं, आई. पुन्हा नाही दिसायचा."

"उघड म्हणते ना."

गोलाच्या मागे हवा सोडायची पितळी चकती असते. मी हात ठेवला. माझ्यानं फिरवेना. आईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि दोघींनी मिळून ती फिरवली, अगदी थोडी.

त्यांना वाटत होतं तो बाहेर येईल. पण निर्वात काच उघडली की आतलं काही बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत घुसते. बारीक शिट्टी वाजली. आपल्या हवेतही आर्गन असतो, शंभरात जवळजवळ एक भाग, युगानुयुगं खडकांतून, मातीतून, जनावरांतून, माणसांतून निघालेला. तो कुणाशी संयोग करत नाही, म्हणून कधी संपत नाही. जे जे कधी जगलं त्याचा आर्गन इथेच आहे. तो सगळा आत धावला. क्षणभर, यंत्र बंद पडायच्या आधी, पडदा भरून गेला. ठिपका नाही, ठिपके नाहीत, नुसती ज्योतीच्या रंगाची दाटी, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"अगंबाई," आई म्हणाल्या. त्यांचं तोंड लहान मुलीसारखं उघडं राहिलं होतं. "ह्यात आपला कुठला?"

"आता नाही सांगता येणार, आई. सगळे सारखे असतात."

पडदा विझला. पंप खोकल्यासारखा करून थांबला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत रस्त्यावरचे आवाज ऐकू आले.

आई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पदर खोचला. "संध्याकाळी संगमावर जाऊ दोघी. ती हाडं सोडू," त्या म्हणाल्या. "आणि त्या पोराला फोन लाव. मी बोलते त्याच्याशी. तू आता जा, केतकी. माझ्याकडनं मोकळी आहेस तू."

हेच शब्द ऐकायला मी दिवस दिवस तळमळले होते. आता ते आले होते. आणि मी काचेला नाक लावून, विझलेल्या पडद्यात, त्या दाटीतला तो कुठे होता ते आठवायचा प्रयत्न करत होते. डावीकडे होता का? वर, कोपऱ्यात होता का?

"केतकी, अगं ऊठ. फोन कर."

"आज नको, आई," मी म्हटलं. "थोडं बसू दे मला. आज नको."